उनाइसीची सही

नौसोरीच्या विमानतळावर उनाइसीला कुणी "बाई" म्हणून हाक मारली तर ती वळूनही बघत नाही. "इंजिनिअर" म्हटलं तर विचारते, "कुठलं पान?" कारण इंजिनिअर म्हणून तिच्याकडे येणाऱ्याला सही हवी असते, आणि त्या पानावर वर काय लिहिलंय हे वाचल्याशिवाय ती पेनाचं टोपण काढत नाही. या एका सवयीपायी तिनं जितकी माणसं दुखावली तितकी लोक जमिनीच्या भांडणातही दुखावत नाहीत.

हँगरमध्ये ती आली तेव्हा तिच्या हातात पाना नव्हता, सुई होती. एकोणिसाव्या वर्षी विमानातल्या खुर्च्यांची कव्हरं शिवायला तिला ठेवलं होतं. एकदा खुर्चीखालचं कापड ओढताना, खुर्चीला जमिनीशी धरून ठेवणारा बोल्ट गंजून अर्धा झालेला तिला दिसला. ती उठली आणि तडक बिसेसर मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली. बिसेसर म्हणजे तेव्हाचे मुख्य इंजिनिअर, बा नावाच्या गावच्या उसाच्या शेतातून आलेले. डब्यात रोटी आणि तोंडात शिव्या, दोन्ही घरच्याच.

"तू शिवायला आलीयस की बघायला?" ते खेकसले.

"शिवताना डोळे मिटून घ्यायचे असतात का, मास्तर?"

मास्तर बोल्ट बघून आले, दोन माणसांच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात पाना दिला. परवाना मिळायला तिला त्यानंतर आठ वर्षं लागली. दोनदा नापास झाली. गावातली पुरुषमंडळी यांगोनाचा, म्हणजे मुळं कुटून केलेल्या कडू पेयाचा, वाडगा फिरवताना हसायची, "सेतारेकीची पुतणी विमान उडवणार म्हणे!" ती उडवणार नव्हती. उडू द्यायचं की नाही हे ठरवणार होती. हा फरक कळायला त्या वाडग्याभोवतीच्या डोक्यांना आणखी दोन पिढ्या लागतील.

परवाना मिळाला त्या दिवशी मास्तरांनी तिला एकच गोष्ट सांगितली. "सही करताना आपली आई त्या विमानात बसलीय असं समजू नकोस. आईला काय, 'उतर' म्हणून सांगता येतं. जिला सांगायला तू तिथे नसशील अशी कुणाची तरी आई बसलीय असं समज." मास्तर पुढे मुलाकडे परदेशी गेले आणि तिथेच वारले. हँगरमध्ये त्यांच्यासारख्या शिव्या देणारं कुणी उरलं नाही. कागद मात्र वाढले.

आता त्या विमानाचं सांगायचं. एकोणीस खुर्च्यांचं, दोन पंख्यांचं, सेहेचाळीस वर्षांचं. लोक त्याला "बुबू" म्हणत. बुबू म्हणजे आजी. बेटांवरच्या लोकांचा तिच्यावर जीव होता. बाळंतिणी तिच्यातून आल्या, शवपेट्या तिच्यातून गेल्या. उनाइसीचाही तिच्यावर राग नव्हता. विमान म्हातारं असणं हा काही गुन्हा नाही असं ती नेहमी म्हणे. धातूचं वय वर्षांवर ठरत नाही, तो किती वेळा उचलला आणि किती वेळा आपटला यावर ठरतं. बुबू दिवसाला दहा-बारा वेळा उतरत होती, तीही समुद्राला खेटून, प्रवाळाच्या खडीवर, अंगावर खारा वारा घेत. अशा विमानाचा ठरलेला भाग ठरलेल्या वेळी बदलला तर ते आणखी वीस वर्षं उडेल. पण बदलला तर!

पंखाला खालून आधार देणारा जो तिरपा दांडा असतो, तो विमानाच्या पोटाला जिथे जोडलेला असतो, त्या जोडाची मुदत गेल्या वर्षीच संपली होती. कंपनीनं नवा जोड मागवला नाही, मुदतवाढ मागवली. आणि ती मिळाली! कुठल्या तरी थंडगार खोलीत बसलेल्या माणसानं एक पत्र टाइप केलं आणि धातूचं आयुष्य वाढलं. धातूला कुणी विचारलं नाही. ते पत्र वाचून उनाइसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "मग माझ्या म्हाताऱ्या काकांच्या गुडघ्यांनाही एक पत्र द्या की," असं ती भर बैठकीत म्हणाली होती.

त्या मंगळवारी तिनं त्या जोडावरचं पत्र्याचं झाकण काढलं, जोड पुसून कोरडा केला, त्यावर लाल रंगद्रव्य लावलं, थांबली, पुसलं आणि वरून पांढरी भुकटी फवारली. तडा नसला तर भुकटी पांढरीच राहते. इथे मात्र हळूहळू एक लाल रेघ वर आली, केसासारखी बारीक, करंगळीच्या नखाएवढी लांब. तिनं सगळं पुसून पुन्हा केलं. रेघ पुन्हा आली. तिनं विमानाची वही उघडली, "जोडाला तडा. बदलेपर्यंत उडवू नये," असं लिहिलं आणि सही केली.

शनिवारी बुबू ओनेवा बेटावर जाणार होती. तिथल्या नव्या चर्चचं उद्घाटन होतं आणि एकोणीसच्या एकोणीस जागा उनाइसीच्याच कुळातल्या लोकांनी घेतल्या होत्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, आणि पहिल्या रांगेत तिचे मोठे बाबा सेतारेकी. वडील गेल्यावर तिला याच थोरल्या काकांनी वाढवलं होतं. जन्मभर होड्या बांधणारा माणूस, आणि चर्चचं प्रवचनपीठ त्यांनी स्वतः कोरलं होतं.

बुधवारी मॅनेजर रुपेनी हँगरमध्ये आला. कडक इस्त्रीचा फुलाफुलांचा सदरा, आवाजात लोणी.

"उनाइसी, नवा जोड यायला अकरा आठवडे लागतील."

"मग अकरा आठवड्यांनी उडेल."

"अगं, नखाएवढी रेघ. इतकी वर्षं उडतंय ना?"

"इतकी वर्षं रेघ नव्हती."

"तुझीच माणसं आहेत. त्यांच्या चर्चचं उद्घाटन. त्यांना काय सांगू मी?"

"खरं सांगा. की गेल्या वर्षी जोड मागवायचा होता तेव्हा तुम्ही मुदतवाढीच्या पत्राला टपाल तिकीट लावलंत."

रुपेनी हसला. रागावणाऱ्या माणसाची तिला कधी भीती वाटली नाही, पण हा हसणारा माणूस म्हणजे पाण्याखालचा खडक होता. "सहीच तर आहे," जाता जाता तो म्हणाला. "इतकी कवटाळून काय बसतेस?"

गुरुवारी ती कामावर असताना तो तिच्या घरी गेला, आणि एकटा गेला नाही. मोठ्या बाबांच्या सासुरवाडीचे दोन पोक्त म्हातारे बरोबर घेतले. यांगोनाची मुळं नेली आणि तांबुआ नेला. व्हेलचा दात, हातभर काथ्याच्या दोरीत ओवलेला, तेल लावून तांबूस झालेला. तो ज्याच्यापुढे धरतात त्यानं हातात घेतला की मागणं मान्य झालं. मग जीव गेला तरी शब्द फिरत नाही. मागणं काय होतं ते म्हाताऱ्यांनी मांडी घालून, मान खाली घालून, स्वच्छ शब्दांत सांगितलं: "तुमच्या लेकीची सही, शनिवारच्या विमानासाठी." आडपडदा काही नव्हता. मोठ्या बाबांनी पोकळ हातांनी तीन टाळ्या वाजवल्या आणि तांबुआ घेतला.

संध्याकाळी उनाइसी घरी आली तेव्हा तो चटईवर ठेवलेला होता. तिनं तो बघितला, मोठ्या बाबांचं तोंड बघितलं आणि सगळं समजली.

"कुणी आणला?"

"हात धुऊन घे, डालोचे कंद उकडलेत."

"मोठे बाबा, कुणी आणला?"

"रुपेनी. तुझ्या मोठ्या आईच्या माहेरची माणसं बरोबर होती." म्हातारा दाराकडे बघत बोलत होता. "ते उंबऱ्यात आले, उना. त्यांचा तांबुआ न घेता परत पाठवू? तुझी मोठी आई गेली तेव्हा हीच माणसं चार दिवस माझ्या दारात बसली होती."

"आणि मागितलं काय?"

"सही. एक सही तर आहे."

तेच वाक्य! हँगरमध्ये मॅनेजरनं म्हटलेलं, आणि आता ज्यांनी तिला पाटी-पेन्सिल आणून दिली त्यांच्या तोंडून. उनाइसी मोठ्यांपुढे कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला.

"सही तुमची होती का? आयजीच्या जिवावर बायजी उदार! माझं घर द्यायचं होतं, माझी गाय द्यायची होती, मी हूं की चूं केलं नसतं. सही माझी नाही हो, मोठे बाबा. ती त्या एकोणीस माणसांची आहे. मी ती फक्त सांभाळते. तुम्ही त्यांचं देऊन टाकलंत, त्यांना न विचारता, आणि वर टाळ्या वाजवल्यात!"

"माझा मान गेला असता."

"आणि आता त्यांचा जीव गेला तर?"

"उलटं बोलतेस," म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला. उनाइसी जेवली नाही. तिला सर्वांत जास्त राग कशाचा आला असेल तर रुपेनीच्या हुशारीचा. त्याला माहीत होतं की उनाइसीला वाकवता येणार नाही. म्हणून ज्याच्यापुढे ती वाकते त्याला त्यानं गाठलं. आपले रीतिरिवाज पूर्वजांनी भांडणं मिटवायला केले, तडे झाकायला नाही. पण रिवाज जाणणारा माणूस लबाड निघाला की परक्या लबाडापेक्षा शंभर पटींनी वाईट.

शुक्रवारी सकाळी ती मोठ्या बाबांना म्हणाली, "चला माझ्याबरोबर. तुम्ही काय दिलंत ते एकदा बघा तरी."

म्हातारा मुकाट्यानं निघाला. हँगरमध्ये तिनं त्यांना बुबूच्या पोटाखाली बाकड्यावर बसवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर जोड पुसला, लाल लावलं, पुसलं, भुकटी मारली. "बघत राहा," म्हणाली. रेघ आली. सेतारेकी पुढे वाकले. साठ वर्षं त्यांनी फळ्या तपासल्या होत्या. लाकूड कुठे चिरेल हे त्यांचा अंगठा डोळ्यांच्या आधी सांगे.

"भार कुणीकडून येतो?" त्यांनी विचारलं.

"वरून. सगळा पंख यावर तोलतो."

"म्हणजे आडवी चीर. भाराच्या वाटेवर." त्यांनी मान हलवली. "उभी असती तर चालली असती कदाचित. ही उघडणार. प्रत्येक लाटेला थोडी थोडी." मग ते बाकड्यावरून उठले. "होडी फुटली तर माणूस पोहतो तरी," एवढं बोलले आणि घरी घेऊन चल म्हणाले.

घरी त्यांनी जुनी पेटी उघडली. त्यात त्यांच्या घराण्यात उरलेला एकच तांबुआ होता. तो आपल्या शवपेटीवर ठेवायचा असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. घेतलेला दात नुसता परत करता येत नाही. शब्द मागे घ्यायचा तर बरोबर आपला दात ठेवावा लागतो, आणि तो ठेवताना आपण चुकलो हे आपल्याच तोंडानं म्हणावं लागतं. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, तो माणूस कंपनीच्या कचेरीत फरशीवर मांडी घालून बसला. दोन्ही दात पुढे ठेवले आणि म्हणाला, "जे माझं नव्हतं ते मी दिलं. मी चुकलो. माझा शब्द परत द्या."

रुपेनीनं टाळ्या वाजवल्या. रीतसर, पोकळ हातांनी. दोन्ही दात घेतले. "मागणं मी मागे घेतलं, बाबा," म्हणाला. उनाइसी दाराशी उभी होती. तिला वाटलं, चला, मिटलं.

मिटलं कसलं! शनिवारी सकाळी ती कामावर आली तर बुबू हँगरबाहेर, धुऊनपुसून, नाक वर करून उभी. उनाइसीनं धावत जाऊन वही उघडली. तिच्या नोंदीखाली नवी नोंद होती: "पुन्हा तपासले. वरवरचा ओरखडा. घासून रंगवले. उड्डाणास योग्य." खाली कुणाची तरी ऐटबाज, गिरक्या घेतलेली सही. शुक्रवारी संध्याकाळी कंपनीनं बाहेरदेशातून करारावर एक इंजिनिअर आणला होता. सही करून तो पहाटेच्या मोठ्या विमानानं परतलाही होता. नव्याकोऱ्या विमानानं, अर्थातच.

"तुम्ही मागणं मागे घेतलंत ना?" तिनं रुपेनीला भर धावपट्टीच्या कडेला गाठलं.

"तुझ्या सहीचं मागे घेतलं," रुपेनी म्हणाला. "दुसऱ्याची सही आणायला कोणता दात आडवा येतो? आता सगळं नियमात आहे. बाजूला हो, लोकांना चढू दे."

पण लोक चढत नव्हते. वजन करून झालं होतं, चटयांच्या गुंडाळ्या आणि केकचे डबे मागे चढवले होते, आणि एकोणीस माणसं उन्हात शिडीजवळ नुसती उभी होती. गावात बातमी पोचली होती. सेतारेकीनं घेतलेला तांबुआ परत केला, वर आपल्या मरणाचा दात ठेवला! असं कुणी उगाच करत नाही. लुसियाना नावाची एक जाडजूड म्हातारी, जी एरवी शिडीवर सगळ्यांच्या आधी चढून खिडकी धरायची, तीच म्हणाली, "मी नाही बाई आत जायची. ज्या विमानापायी दात परत गेला त्यात नको."

हे ऐकून उनाइसीला बरं वाटायला हवं होतं. तिला उलट संताप आला.

"दात परत गेला म्हणून?" ती ओरडली. "मंगळवारपासून मी बोंबलतेय! वहीत लिहिलं, तोंडानं सांगितलं, घरोघर निरोप पाठवले. बावीस वर्षं माझा परवाना आहे. तेव्हा कुणी काय म्हणालं? 'उनाला सवयच आहे.' 'उना कुठलं विमान धड म्हणते?' आणि आता मेलेल्या माशाचा दात हलला तर लगेच सगळे शहाणे! तो दात हलला नसता तर? चढला असतात ना? गाणी म्हणत चढला असतात!"

एकोणीस माणसं खाली बघू लागली. लुसियानानं हातरुमालानं तोंड पुसलं. "अगं, ओरडू नको," ती म्हणाली. "आम्हाला दातातलं कळतं, तुझ्या वहीतलं कळत नाही. कळत नाही तर दाखव."

"दाखवायचं काही नाही!" रुपेनी मध्ये पडला. आता त्याच्या आवाजातलं लोणी वितळलं होतं. "तज्ज्ञ माणसानं तपासलंय. उनाइसी, विमानाला हात लावलास तर नोकरी गेली म्हणून समज. शिपाई, हिचा पास घे."

शिपाई हलला नाही. त्याची मावशी त्या एकोणिसांत होती.

उनाइसीनं खिशातून पेचकस काढला, बुबूच्या चाकाशी गुडघे टेकले आणि झाकणाचे सहा स्क्रू काढले. झाकण बाजूला केलं. आत जोड पांढराशुभ्र चमकत होता. ओरखडा नाही, रेघ नाही, भुकटी नाही. वरपासून खालपर्यंत जाड रंगाचा थर. तिला वाटलं होतं, निदान घासलं तरी असेल.

"बघितलंत?" रुपेनी म्हणाला. "कुठे आहे तुमची रेघ?"

गर्दीतून सेतारेकी पुढे आले. काठी कुणाच्या तरी हातात दिली, वाकले, नाक जोडाजवळ नेऊन वास घेतला. मग अंगठा टेकवला आणि दाबून आडवा ओढला. रंग सरकला. रात्रभर दमट हवेत तो वाळलाच नव्हता. त्याच्या खाली, जिथे काल होती तिथेच, चीर उघडी पडली. म्हाताऱ्यानं बाजूला होऊन लोकांना वाट दिली. एकेक जण वाकून बघून गेला. लुसियानानं तर गुडघ्यांवर बसून बघितलं आणि उठताना तोंडातल्या तोंडात जे म्हणाली ते चर्चच्या उद्घाटनाला निघालेल्या बाईनं म्हणायचं नसतं. सगळ्यांत शेवटी वैमानिक आला. त्यानं बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि रुपेनीकडे न बघता कचेरीच्या दिशेनं चालू लागला.

"चीर न भरता रंग लावणाऱ्या सुताराला आमच्या किनाऱ्यावर कुणी पाणी देत नाही," सेतारेकी म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. ते रुपेनीसमोर जाऊन उभे राहिले, इतके जवळ की तो एक पाऊल मागे सरकला. पुढे जे झालं तसं, कुणा वडीलधाऱ्यानं कुणाच्या अंगाला हात लावलेला त्या विमानतळावर कधी कुणी पाहिला नव्हता. म्हाताऱ्यानं आपला पांढरा झालेला अंगठा वर केला आणि मॅनेजरच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर, बरोबर छातीच्या मधोमध, सावकाश पुसला.

"ही घे सही," ते म्हणाले.